अळी ऊन मोजते, रात्रही मोजते

नोव्हेंबर संपता संपता कपाशीचं एखादं हिरवं, टणक बोंड तोडा आणि नखाने उकलून पाहा. बाहेरून ते अगदी निरोगी दिसतं. अळी आत शिरली ते छिद्र केव्हाच बुजलेलं असतं. आत मात्र एका कप्प्यातली रुई पिवळी पडून चिकटलेली असते आणि तिच्यातली सरकी दाबली तर पोकळ लागते. त्या पोकळीत, अंगावर गुलाबी पट्टे असलेली, सेंटिमीटरभर लांबीची अळी पडून असते. कधी दोन सरक्या तोंडाला तोंड लावून धाग्याने जोडलेल्या असतात आणि त्यांच्या मधल्या जागेत तिने मुक्काम ठोकलेला असतो. बोटाने डिवचली तरी ती फारशी हलत नाही.

सप्टेंबरात त्याच शेतातलं बोंड उकललं असतं तर हीच गुलाबी बोंडअळी दिसली असती. रंग तोच, खाणं तेच. पण सप्टेंबरातली अळी दोन-चार दिवसांत बोंडाला गोल भोक पाडून बाहेर पडते, जमिनीवर येते, पालापाचोळ्यात कोष करते आणि आठ-दहा दिवसांत पतंग होऊन उडते. नोव्हेंबरातली अळी यातलं काहीही करत नाही. तिची वाढ पूर्ण झालेली असते, पण ती कोषात जात नाही. सरकीतच पडून राहते, पुढचा हंगाम येईपर्यंत.

एकाच जातीच्या दोन अळ्या इतक्या वेगळ्या का वागतात, हे मला बरीच वर्षं माहीत नव्हतं. २०१७ साली आमच्या वर्धा-यवतमाळ पट्ट्यात बोंडअळीने जो घात केला, त्यानंतर मी हे मुळापासून समजून घ्यायला लागलो. त्या वर्षी पहिली वेचणी बरी झाली. दुसऱ्या वेचणीला बाया शेतात गेल्या आणि रिकाम्या ओट्या घेऊन परत आल्या. बोंडं होती, पण अर्धवट उमललेली, आत रुईच्या वाळून कडक झालेल्या फोडी. त्याला आम्ही कवडी म्हणतो. कवडी वेचायला दुप्पट वेळ लागतो आणि बाजारात तिला भाव नसतो. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशक फवारताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. फवारणी कधी करायची आणि कधी नाही, हा प्रश्न मला तेव्हापासून फक्त खर्चाचा वाटत नाही.

त्याचं बरंचसं उत्तर किडीच्या अंगातल्या दोन घड्याळांत आहे. एक घड्याळ उष्णतेवर चालतं, दुसरं रात्रीच्या लांबीवर.

उष्णतेचा हिशेब

आपलं शरीर बाहेर थंडी असो की ऊन, आतून साधारण ३७ अंशांवरच राहतं. किडीचं तसं नाही. हवा गार झाली की तिचं शरीर गार होतं, हवा तापली की तापतं. आणि शरीरात जे काही चालतं, अन्न पचणं, कात टाकणं, अंडी तयार होणं, ती सगळी रासायनिक कामं उष्णतेने वेग घेतात. म्हणून "या अळीचं आयुष्य किती दिवसांचं?" या प्रश्नाला एकच आकडा देता येत नाही. तो त्या वेळच्या हवेवर ठरतो.

मक्यावरची लष्करी अळी घ्या. ही अमेरिकेतली कीड भारतात २०१८ साली प्रथम कर्नाटकात सापडली आणि त्याच वर्षी महाराष्ट्रातल्या मक्यावर पोचली. साधारण साडेबारा अंशांच्या खाली हिची वाढ जवळजवळ थांबते. हा झाला तिचा उंबरठा. त्याच्या वर जितके अंश मिळतील, तितके ती रोजच्या रोज जमा करत जाते. अंड्यापासून पतंग होईपर्यंत तिला असे एकूण ३९० च्या आसपास अंश लागतात. याला अंश-दिवस म्हणतात. बँकेतल्या आवर्ती ठेवीसारखंच आहे: हप्ता मोठा असेल तर रक्कम लवकर भरते.

आता हिशेब करा. दिवस-रात्रीचं सरासरी तापमान १८ अंश असेल तर रोजचा हप्ता साडेपाच अंशांचा. ३९० भरायला ७१ दिवस लागतील. सरासरी २५ झाली तर हप्ता साडेबारा, म्हणजे ३१ दिवस. सरासरी ३० झाली तर २२ दिवसांत पिढी पूर्ण. अठराचे तीस अंश झाले, पण पिढीचा काळ एक तृतीयांशाहूनही कमी झाला. कारण किडीच्या लेखी शून्य अंश ही सुरुवात नसतेच. तिची मोजणी उंबरठ्यापासून सुरू होते.

पिढी लवकर संपण्याचा अर्थ काय, हे आकड्यांत पाहिल्याशिवाय अंगावर येत नाही. समजा एका मादीने १५० अंडी घातली आणि त्यातली नव्वद टक्के मुंग्यांनी, कोळ्यांनी, पावसाने, रोगाने गेली. उरली १५. त्यात सात माद्या धरू. म्हणजे दर पिढीला सातपट. तीन पिढ्यांत एका मादीच्या ३४३ झाल्या. चार पिढ्या बसल्या तर २,४०१. हंगामात आणखी एकच पिढी जास्त बसली, एवढाच फरक. म्हणूनच "ऑक्टोबरपर्यंत काहीच नव्हतं, एकदम आली" असं जे आपण म्हणतो, ते खरं नसतं. अळी जुलैपासून असते. आपल्याला ती शेवटच्या पिढीत दिसते.

गुलाबी बोंडअळीचंही गणित असंच आहे. उबदार हवेत अंड्यापासून पतंगापर्यंत तिला साधारण महिनाभर लागतो. गारवा वाढला की तेच काम दीड-दोन महिन्यांवर जातं.

पण ऊन वाढत गेलं म्हणून कीडही वाढतच जाते असं नाही. बहुतेक किडींची वाढ ३० ते ३२ अंशांपर्यंत वेग घेते, तिथून पुढे मंदावते आणि ३५-३६ च्या पुढे घसरणीला लागते. प्रजोत्पादनाची ताकद तर शरीराच्याही आधी ढासळते. पिठात होणारा तांबडा भुंगा सगळ्यांनी पाहिलेला असतो. या भुंग्यावरचा एक प्रयोग २०१८ साली प्रसिद्ध झाला. त्यात भुंग्यांना पाच दिवस त्यांच्या सोयीच्या तापमानापेक्षा पाच ते सात अंश जास्त उष्णतेत ठेवलं. भुंगे जगले, चालते-फिरते राहिले, पण नरांची पिल्लं जवळपास निम्म्यावर आली. दुसऱ्यांदा तशीच उष्णतेची लाट दिली तेव्हा नर जवळजवळ नपुंसक झाले. माद्यांना तेवढा फटका बसला नाही. म्हणजे मे महिन्यात शेतात पतंग दिसला तर तो पुढची पिढी देईलच, असं धरून चालता येत नाही.

आपल्या आज्या एप्रिल-मेच्या कडक उन्हात गच्चीवर, अंगणात धान्य पसरायच्या आणि सायंकाळी ते गरम असताना नाही, थंड झाल्यावर कोठीत भरायच्या. काळ्या ताडपत्रीवर दुपारी धान्याचा थर सहज ५० अंशांच्या वर तापतो. तिथे सोंड्याची अंडीसुद्धा टिकत नाहीत. उलट टोकाला, १५ अंशांच्या खाली साठवणीतल्या बहुतेक किडींचं प्रजनन थांबतं. फ्रिजमधल्या रव्यात अळ्या होत नाहीत त्याचं कारण हेच.

ढगाळ हवा

रब्बीत ढग आले की हरभऱ्यावर घाटेअळी येणार, हे कुठल्याही शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. ढगांतून कीड पडते असं म्हणणारी म्हातारी माणसं मी लहानपणी पाहिली आहेत. निरीक्षण त्यांचं अचूक होतं. फक्त कारण ढगात नव्हतं, रात्रीत होतं.

डिसेंबरात आकाश निरभ्र असलं की जमिनीतली उष्णता रात्री उघड्या आकाशात निघून जाते. दुपारी २८ अंश, पहाटे ८ अंश. सरासरी १८. घाटेअळीचा उंबरठा ११ अंशांच्या आसपास धरला तर तिला त्या दिवशी मिळाले सात अंश. आता ढग आले. ढग म्हणजे जमिनीवर पांघरलेली गोधडी. दुपार थोडी उतरून २७ वर आली, पण पहाट ८ वरून १७ वर गेली. सरासरी २२, मिळाले ११ अंश. हिशेब ढोबळ आहे, पण त्यातून गोष्ट कळते: पाच ढगाळ दिवसांत अळी आठ निरभ्र दिवसांएवढी वाढून बसते. आपल्याला वाटतं हवा गार आहे, कारण दुपारी ऊन लागत नाही. अळीच्या खात्यात मात्र रात्रीची भर पडत असते.

शिवाय घाटेअळीचे पतंग रात्री उडतात, रात्री मिलन करतात, रात्रीच अंडी घालतात. आठ-नऊ अंशांच्या रात्री ते फारसे हलत नाहीत. सतरा अंशांची रात्र म्हणजे त्यांना मोकळं रान.

दुसरं घड्याळ

उष्णता वाढीचा वेग ठरवते. पण हिवाळा येणार आहे, आता पिल्लं घालण्यात अर्थ नाही, हे किडीला उष्णतेवरून नीट कळू शकत नाही. हवा लहरी असते. ऑक्टोबर कधी होरपळतो, कधी अवकाळी पावसाने आठवडाभर गार पडतो. गारव्याचा एक आठवडा पाहून कीड निजली आणि पुढे महिनाभर ऊन पडलं, तर तिची एक पिढी फुकट गेली. उलट उन्हावर भरवसा ठेवून ती अंडी घालत राहिली आणि पीकच संपलं, तर सगळी पिल्लं मेली. भरवसा ठेवण्यासारखी एकच गोष्ट असते, ती म्हणजे दिवसाची लांबी. १५ सप्टेंबरला दिवस जेवढा असतो तेवढाच तो पुढच्या वर्षी १५ सप्टेंबरला असतो.

आपल्या शेतकऱ्यांनीही हेच केलं आहे, असं मला वाटतं. पावसाची नक्षत्रं सूर्यावरून चालतात, म्हणून मृग दरवर्षी ७-८ जूनलाच लागतं आणि हस्त सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात. तिथ्या पुढे-मागे होतात, नक्षत्रं होत नाहीत. "मृगात पेर" म्हणणारा माणूस एका अर्थी दिवसाची लांबीच सांगत असतो. नागपूरला जूनमध्ये सर्वांत मोठा दिवस १३ तास २५ मिनिटांच्या आसपास असतो. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यानंतर तो १३ तासांच्या खाली येतो, हस्त लागता लागता १२ तासांवर, आणि डिसेंबरात १० तास ५० मिनिटांपर्यंत उतरतो. मग २२ डिसेंबरनंतर तिळातिळाने वाढू लागतो. वर्षभरातला एकूण फरक अडीच तासांचा. एवढासा फरक किडीला कळतो.

हे गुलाबी बोंडअळीवरच फार बारकाईने तपासलं गेलं आहे. १९६० च्या दशकात टेक्सासमध्ये पेरी अ‍ॅडकिसन या कीटकशास्त्रज्ञाने अळ्यांना दिव्याखाली वाढवलं आणि दिव्याचे तास बदलून पाहिले. १४ तास उजेड मिळालेल्या अळ्या सरळ कोषात गेल्या. १२ तास मिळालेल्यांपैकी पुष्कळशा सुप्तावस्थेत, म्हणजे वाढ थांबवून लांब झोपेत गेल्या. मधली रेषा १३ तासांच्या आसपास निघाली. त्याहून नवल म्हणजे, दिवस लहानच ठेवला पण लांब रात्रीत विशिष्ट वेळी थोडा वेळ दिवा लावला, तर अळ्यांची झोप टळली. उजेडाचे एकूण तास तेवढेच मोजायचे असते तर एवढ्याशा उजेडाने फरक पडायला नको होता. म्हणजे कीड अखंड अंधार मोजते. आपण "दिवस लहान झाला" म्हणतो, अळीच्या भाषेत "रात्र मोठी झाली."

आत काय होतं? अळीला कोषात जायचं असेल तर मेंदूतून एक संप्रेरक सुटावं लागतं. त्याच्या हुकमाने दुसरं संप्रेरक तयार होतं, जे कात टाकायला आणि रूप बदलायला लावतं. लांब रात्रींचा हिशेब भरला की मेंदू पहिला हुकूमच देत नाही. अळी पूर्ण वाढते, अंगात चरबी साठवते आणि थांबते. तिचा श्वास मंदावतो, अंगातलं पाणी उडून जाणं कमी होतं. म्हणून विदर्भातल्या मे महिन्यातही, घराच्या मागे रचलेल्या पऱ्हाट्यांच्या, म्हणजे कपाशीच्या वाळलेल्या झाडांच्या ढिगात किंवा जिनिंगमधल्या सरकीत ती तग धरते. ही गारठून पडलेली अळी नव्हे. तिने संकट यायच्या आधीच तयारी केलेली असते.

दोन घड्याळं एकमेकांपासून अलग मात्र नसतात. रात्र लांब झाली असली आणि हवा चांगली तापलेली असली, तर कमी अळ्या झोपतात. रात्र लांब आणि वर गारवा असेल तर जास्त झोपतात. अळीचं खाणंही यात भर घालतं: कोवळ्या बोंडापेक्षा पक्व, तेलकट सरकीवर वाढलेल्या अळ्या सुप्तावस्थेत जाण्याकडे जास्त झुकतात. टेक्साससारख्या ठिकाणी हे सगळं सप्टेंबर-ऑक्टोबरातच जुळून येतं. आपल्याकडे ऑगस्टनंतर दिवस १३ तासांच्या खाली गेला तरी ऑक्टोबरचं ऊन अळीला जागं ठेवतं, आणि नोव्हेंबर-डिसेंबरात रात्री गार झाल्या की मोठ्या संख्येने अळ्या झोपू लागतात. विषुववृत्ताकडे जावं तसा वर्षभरातला दिवसांचा फरक कमी होतो आणि कीड गारवा, ओलावा आणि खाणं यांवर जास्त अवलंबून राहते. म्हणून टेक्सासचा १३ तासांचा आकडा जसाच्या तसा उचलून यवतमाळला लावता येत नाही.

फरदड

आता फरदडीकडे येतो. माझ्या मते या सगळ्या विषयाचं मर्म इथे आहे.

कपाशीला शेवटचं पाणी तोडून डिसेंबरअखेर शेत मोकळं करायचं, की आणखी दोन पाणी देऊन फेब्रुवारी-मार्चपर्यंत उरलासुरला कापूस घ्यायचा? दुसऱ्या मार्गाला फरदड म्हणतात. ज्याच्याकडे विहिरीला पाणी आहे आणि ज्याचा पहिला कापूस गेला आहे, त्याला फरदड घेऊ नको म्हणणं सोपं नाही. चार-दोन क्विंटल कापूस म्हणजे त्या घरात मुलाची फी असते. पण अळीच्या घड्याळाने पाहा. नोव्हेंबर ते जानेवारी हेच तिचे निजायला जाण्याचे महिने, आणि नेमक्या त्याच महिन्यांत आपण तिला पक्व, तेलकट सरकीने भरलेली बोंडं देतो. त्या वेळचं प्रत्येक किडकं बोंड म्हणजे पुढच्या वर्षासाठी जपून ठेवलेलं बियाणं. कापसाचं नव्हे, अळीचं.

मग होळी होते, थंडी पळते, दिवस मोठा होऊ लागतो. वाढती उष्णता, लांबत जाणारा दिवस आणि पहिल्या सरींचा ओलावा मिळाला की अळ्या जाग्या होतात, कोष करतात, पतंग बाहेर पडतात. सगळ्या एका दिवशी जाग्या होत नाहीत. हे काम काही महिने चालतं. या पतंगांना अंडी घालायला पाती (म्हणजे कपाशीच्या कळ्या), फुलं किंवा बोंडं लागतात. शेतात ती नसतील तर पतंग थोड्याच दिवसांत वांझ मरतात. कीटकशास्त्रात याला आत्मघाती उदय म्हणतात. फवारणीचा एक थेंब न उडवता किडीचा मोठा भाग असा आपोआप संपू शकतो.

पण ठिबकवर एप्रिल-मेमध्ये लावलेली हंगामपूर्व कपाशी असेल, तर तिला जूनअखेर-जुलैत पाती येतात. उशिरा जाग्या झालेल्या पतंगांना ताट वाढलेलं मिळतं. एका पिढीची आघाडी त्यांना तिथेच मिळते, आणि एका पिढीचा अर्थ सातपट, हे आपण वर पाहिलं. आजूबाजूच्या पन्नास शेतकऱ्यांनी मृगात पेरलं असलं तरी त्या एका शेतातून निघालेले पतंग त्यांच्याकडे जातात. मध्यंतरी काही वर्षं कृषी विभागाने १ जूनच्या आधी कापसाचं बियाणं शेतकऱ्याला विकू नये असा जो निर्बंध घातला होता, त्याचं कारण हे होतं. अनेकांना तो जाच वाटायचा. बियाण्याची पिशवी हातात असावी म्हणून होणारी धावपळ मीही केली आहे. तरी हा निर्णय मला योग्य वाटतो, कारण अळीचं कॅलेंडर पाहून घेतलेला हा मोजक्या निर्णयांपैकी एक आहे.

अमेरिकेने नेमकं हेच शस्त्र वापरलं. तिथे ही कीड १९१७ साली टेक्सासमध्ये सापडली होती. ठरावीक तारखांच्या आत पेरणी, ठरावीक तारखेआधी पऱ्हाट्यांचा चुरा करून नांगरट, म्हणजे अळ्या झोपी जाण्याआधीच त्यांचं घर मोडायचं. पुढे त्याला बीटी कापूस (अळीला मारणारं जनुक घातलेला), कामगंध (नर पतंगाला भुलवणारा मादीचा गंध) आणि प्रयोगशाळेत वांझ केलेले पतंग सोडणं यांची जोड मिळाली. ऑक्टोबर २०१८ मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्याने मुख्य भूमीवरच्या व्यापारी कापूसक्षेत्रातून गुलाबी बोंडअळीचं उच्चाटन झाल्याचं जाहीर केलं. आपल्याकडे बीटी २००२ साली आलं, दोन जनुकांचं २००६ साली. अळीने दोन्ही पचवली. याला इतर कारणंही आहेत, पण आपण बियाण्यावर भिस्त ठेवली आणि तारखा विसरलो, हे मला जास्त खुपतं.

जे झोपत नाहीत

सगळ्या किडींना हे दुसरं घड्याळ नसतं. लष्करी अळीला सुप्तावस्थाच नाही. उत्तर अमेरिकेत कडक हिवाळ्यात ती मरते. फक्त फ्लोरिडा, टेक्साससारख्या उबदार दक्षिणेत तग धरते आणि दर उन्हाळ्यात पतंग वाऱ्यावर उत्तरेकडे जातात. आपल्या बहुतेक भागात तिला मारेल एवढी थंडी पडत नाही. खरिपातला मका संपला की रब्बीतला मका, ज्वारी, मग उन्हाळी चाऱ्याचा मका. तिचं वर्ष कुठे तुटतच नाही. त्यामुळे तिच्यासाठी अंश-दिवसांचा हिशेब पुरतो, आणि शेत मधे काही काळ मोकळं ठेवणं एवढाच हिवाळा आपण तिला देऊ शकतो.

मावा तर या बाबतीत अद्भुत आहे. दिवस मोठे असताना माव्यात नर नसतोच. मादी अंडी न घालता थेट पिल्लं जन्माला घालते, सगळ्या मुली, आणि त्या मुलींच्या पोटात जन्मतानाच पुढच्या मुलींचे गर्भ वाढत असतात. आजीच्या पोटात आई आणि आईच्या पोटात नात. थंड देशांत शरद ऋतूत रात्र लांबली की मग नर आणि अंडी घालणाऱ्या माद्या तयार होतात आणि ती अंडी हिवाळा काढतात. प्राण्यांवर दिवसाच्या लांबीचा असा परिणाम होतो हे १९२३ साली मार्कोविच यांनी अमेरिकेत पहिल्यांदा दाखवलं, तेही स्ट्रॉबेरीच्या मुळांवरच्या माव्यावरच. आपल्याकडे एवढा कडक हिवाळा नसल्याने बहुतेक माव्यांत वर्षभर मुलीच मुली. त्यांना अति ऊन सोसत नाही. माफक गारवा आणि ढगाळ हवा मिळाली की आठवडाभरात एकीच्या पुढच्या दोन पिढ्या पानावर दिसू लागतात. जानेवारीत करडईचे शेंडे काळे होतात आणि ज्वारीच्या पानांवर चिकटा पडतो, तो यांचाच.

हवा बदलते, रात्र बदलत नाही

तापमानवाढीने कीड वाढेल का, हा प्रश्न मला सारखा विचारला जातो. उत्तर जागेवर अवलंबून आहे. २०१८ साली "सायन्स" या नियतकालिकात आलेल्या एका अभ्यासाचा अंदाज असा की, जगाचं सरासरी तापमान एका अंशाने वाढलं तर किडींमुळे होणारं गहू, तांदूळ आणि मक्याचं नुकसान १० ते २५ टक्क्यांनी वाढेल. सर्वांत जास्त फटका थंड प्रदेशांना, कारण तिथल्या किडी अजून आपल्या सोयीच्या तापमानाच्या बऱ्याच खाली आहेत. आपल्यासारख्या उष्ण प्रदेशात किडी आधीच त्या टोकाजवळ आहेत. आणखी ऊन वाढलं तर काहींची वाढ खुंटेलही. मला काळजी वाटते ती उन्हाळ्याची नाही, हिवाळ्यातल्या रात्रींची. ज्या रात्री अळीला थांबवायच्या, त्या उबदार झाल्या तर झोपायला जाणाऱ्या अळ्या कमी होतील, जागत्या जास्त राहतील.

रात्रीची लांबी मात्र हवेबरोबर बदलत नाही. किडीच्या एका घड्याळाला कोणी पुढे ढकलतंय आणि दुसरं जागच्या जागी आहे. पण किडी हे दुसरं घड्याळही नव्याने लावून घेऊ शकतात. उत्तर अमेरिकेतल्या एका डासाची, कलशपर्णी या वनस्पतीच्या पानातल्या पाण्यात वाढणाऱ्या, अशी नोंद २००१ साली प्रसिद्ध झाली: तीसेक वर्षांपूर्वीपेक्षा तो आता आणखी लहान दिवसाची वाट पाहून, म्हणजे उशिरा, निजायला जातो. डासाने सवय बदलली नाही, पिढ्यांमागून पिढ्या निवड होत त्याचं जनुकीय घड्याळच सरकलं. वर्षाला अनेक पिढ्या काढणाऱ्या जिवाला असा बदल आपल्यापेक्षा फार लवकर साधतो.

म्हणून आकडे ऐकीव ठेवून चालत नाही, स्वतःच्या शेतात मोजावे लागतात. पेरणीनंतर ४५ दिवसांनी मी हेक्टरी पाच कामगंध सापळे लावतो, पिकाच्या शेंड्यापेक्षा थोडे वर. सापळ्याच्या नळीला खाली पिशवी असते, तिच्यात रात्री आलेले नर पतंग अडकतात. सकाळी दव असताना पिशवीची गाठ सोडायची, पतंग तळहातावर घ्यायचे, मोजायचे, भिंतीवरच्या कॅलेंडरात त्या तारखेच्या चौकटीत आकडा लिहायचा. एका सापळ्यात रात्रीला आठ पतंग, सलग तीन रात्री, हा इशारा. त्याच फेरीत वीस हिरवी बोंडं उकलायची. दोनांत जिवंत अळी निघाली तर फवारणी. डोमकळ्या, म्हणजे गुलाबाच्या कळीसारखी मिटून राहिलेली फुलं, दिसली की तिथल्या तिथे तोडून चुरगळायच्या. यात सकाळचा अर्धा तास जातो.

गेल्या हंगामात १४ सप्टेंबरच्या चौकटीत तीन आहे, १५ ला पाच, १६ ला चार. शेजारच्या काकांची फवारणी चालू होती आणि ते बांधावरून विचारत होते, "तुझी कधी रे?" मी त्यांना पिशवी दाखवली. त्यांनी पतंग स्वतः मोजले, पंप खाली ठेवला आणि त्यांच्या शेतातली वीस बोंडं आम्ही दोघांनी बांधावर बसून उकलली. एकात अळी निघाली. उरलेलं औषध त्यांनी त्या दिवशी फवारलं नाही.